रोजच्या डोंबिवलीची चित्रवही : वर्षाला किती खर्च येतो?

फोन आधीच खिशात आहे असे धरले, तर रोजच्या जगण्याची फोटो आणि चित्रांची वही डोंबिवलीत राहून वर्षभर चालवायला साधारण सतराशे ते दोन हजार रुपये लागतात. हीच वही इन्स्टंट कॅमेरा, परदेशी डायऱ्या, वॉशी टेप आणि स्टिकर यांच्या वाटेने सुरू केली, तर पहिल्याच वर्षी वीस हजारांचा आकडा ओलांडला जातो. वर्षअखेर दोन्ही वह्यांची पाने सारखीच भरलेली असतात. म्हणून इथला हिशेब एका धोरणाने मांडला आहे. जे वहीत कायम राहते, म्हणजे कागद, पक्की शाई आणि छापलेला फोटो, त्यावर आधी पैसे घालायचे. बाकीची खरेदी जितकी उशिरा होईल तितकी बरी.

पुढचे भाव डोंबिवली-ठाण्याकडची स्टेशनरीची दुकाने, फोटो लॅब आणि ऑनलाइन बाजार इथले साधारण भाव आहेत. दुकानागणिक दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होणार, हे गृहीत धरा.

आधी कागद

वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर जीएसएम म्हणून एक आकडा छापलेला असतो. एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन म्हणजे हा आकडा. खरेदी करताना सगळ्यात आधी तोच बघायचा. शाळेच्या साध्या वहीचा कागद ६०-७० जीएसएमचा असतो. त्यावर लिहिता येते, पण ओला ब्रश टेकला की मागचेही पान जाते. १२०च्या आसपासच्या ड्रॉइंग वहीत पेन्सिल, पेन, रंगीत पेन्सिल आणि चिकटवलेला फोटो व्यवस्थित चालतो. जलरंगाचा हलका हात फिरवायचा असेल तर २०० जीएसएम घ्यावा. भरपूर पाणी खेळवायचे असेल तर ३००ला पर्याय नाही.

नवा हौशी माणूस बहुतेक इथेच फसतो. दुकानात डोळ्यांत भरते ती चामड्यासारख्या वेष्टनाची, रबरी पट्टा लावलेली डायरी. किंमत पाचशेपासून बाराशेपर्यंत, आणि आतला कागद बहुतेक वेळा ८० ते १०० जीएसएमचा, निव्वळ लिहिण्यासाठी केलेला. त्यावर जलरंग लावला की पान पापडासारखे वाकते आणि माणूस समजतो, आपला हातच चित्रकलेचा नाही. दोष कागदाचा असतो. त्याच पैशांत १५० ते २०० जीएसएमच्या, ए-फाइव्ह आकाराच्या दोन-तीन साध्या स्केचबुक येतात. अशी चाळीस-पन्नास पानांची एक वही दोनशे ते तीनशे रुपयांना मिळते आणि वर्षाला दोन पुरतात. ए-फाइव्ह म्हणजे नेहमीच्या टाइप केलेल्या कागदाच्या निम्मा आकार. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर मांडीवर मावतो आणि ऑफिसच्या बॅगेत डब्याशेजारी राहतो.

स्पायरल की शिवलेली, हा प्रश्नही येतोच. फोटो चिकटवायचे असतील तर वही फुगते आणि शिवलेल्या वहीचा पाठीकडचा भाग काही महिन्यांत उसवतो, म्हणून स्पायरल बरी. शिवलेलीच आवडत असेल तर सुरुवातीलाच दर चौथे-पाचवे पान पाठीपासून अर्धा इंच सोडून कापून टाका. ती अर्ध्या इंचाची पट्टी चिकटवलेल्या फोटोंच्या जाडीला जागा देते.

याहून स्वस्त आणि मला स्वतःला सगळ्यात आवडणारा मार्ग म्हणजे वही बांधून घेणे. जलरंगाचा ३०० जीएसएमचा पूर्ण कागद २२ बाय ३० इंचांचा असतो. साध्या, विद्यार्थ्यांसाठीच्या दर्जाचा एक कागद शंभर रुपयांच्या आसपास पडतो. तो अकरा बाय साडेसात इंचांच्या आठ तुकड्यांत कापायचा, प्रत्येक तुकडा मधोमध दुमडायचा आणि बाइंडिंगवाल्याकडे द्यायचा. साडेपाच बाय साडेसात इंचांची, ३२ पानी वही तयार होते. बाइंडिंगचे ऐंशी ते दीडशे रुपये धरले तरी अडीचशेच्या आत काम होते. एवढ्याच कागदाची ब्रँडेड वही चारशेच्या पुढे जाते. हातकागद वापरायचा असेल तर पुण्याची हातकागद संस्था १९४०पासून हे काम करते आहे. चिंध्यांपासून केलेल्या त्या कागदाच्या कडा फार देखण्या येतात. घेताना एका कोपऱ्यावर ओले बोट टेकवून पाहा. पाणी लगेच पसरत गेले, तर तो कागद रंगासाठी नव्हे, फोटो चिकटवण्यासाठी आणि लिहिण्यासाठी घ्यावा.

एक छोटी नोंद बिलाबद्दल. २२ सप्टेंबर २०२५पासून पेन्सिल, शार्पनर, खोडरबर, क्रेयॉन, पेस्टल आणि वह्यांवरचा जीएसटी शून्य झाला आहे. जुन्या छापील किमतीचा माल अजून दुकानात दिसला तर विचारायला संकोच करू नका.

शाई, रंग, ब्रश

पेन एकच घ्या, पण पाण्याने न विरघळणाऱ्या शाईचे. अशी फाइनलायनर पेने शंभर ते दीडशेला मिळतात. वर्षाला दोन लागतात. दुकानातच कागदाच्या चिटोऱ्यावर रेघ ओढा, मिनिटभर थांबा, ओले बोट फिरवा. रेघ पसरली तर पेन परत ठेवा. साधे जेल पेन दहा रुपयांना मिळते, पण रंगाचा हात फिरला की त्याची शाई काळपट ओघळ सोडते.

रंगांत आपल्याकडे स्वस्त आणि भरवशाचा पर्याय घरचाच आहे. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईच्या भुकटीपासून सुरू केलेला कॅम्लिनचा उद्योग आता जपानच्या कोकुयो कंपनीकडे आहे, पण ‘कॅमल’चे रंग अजून गल्लीतल्या दुकानातही मिळतात. विद्यार्थ्यांसाठीच्या बारा वड्यांची पेटी शंभराच्या आत, बारा ट्यूबांचा संच दीडशे-दोनशेच्या घरात. आर्टिस्ट दर्जाच्या ट्यूबांना चारशे ते सहाशे पडतात; रंग जास्त गडद आणि उन्हात टिकाऊ असतात, पण ते दुसऱ्या वर्षी घ्यावेत. वहीच्या पानावर तसेही ऊन पडत नाही. ब्रश एकच, सहा किंवा आठ नंबरचा गोल, सिंथेटिक केसांचा, पन्नास ते ऐंशी रुपये. दांड्यातच पाणी भरायचा वॉटरब्रश दीडशे ते अडीचशेला येतो. गाडीत, बागेत, फलाटाच्या बाकावर रंग लावायचे असतील तरच तो घ्या; घरी पेला असतोच.

अनेक घरांत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षांच्या वेळची रंगपेटी माळ्यावर पडलेली असते. ट्यूबमधला रंग वाळला असेल तर ट्यूब उभी चिरून तो खडा जुन्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाच्या खाचांत बसवा. ब्रश ओला करून चोळला की जलरंग पुन्हा जिवंत होतो.

चिकटवायला ग्लू स्टिक वापरा, चाळीस रुपयांची एक सहा महिने जाते. पांढरा फेविकॉल थेट लावला तर त्यातल्या पाण्याने पान वळते.

फोटो छापायचे कसे, आणि कितीत

खर्चाचा सगळ्यात मोठा फरक इथे पडतो, म्हणून हा भाग जरा निवांत वाचा.

फोनमध्ये हजारो फोटो असतात आणि वहीत एकही जात नाही, याचे कारण बहुतेकांना छपाई महाग वाटते. चार बाय सहा इंचांचा एक प्रिंट लॅबमध्ये आठ ते पंधरा रुपयांना निघतो. त्या एका प्रिंटवर चार फोटो बसवता येतात. फोनमधल्या कुठल्याही मोफत कोलाज ॲपमध्ये चार फोटोंची चौकट घ्या, कागदाचे प्रमाण चारास सहा ठेवा आणि प्रत्येक फोटो दोन बाय तीन इंचांचा करा. प्रिंट आला की कात्रीने चार तुकडे. ए-फाइव्ह पानावर दोन बाय तीन इंचांचा फोटो अगदी नेमका बसतो. शेजारी चार ओळी लिहायला आणि छोटे चित्र काढायला जागा उरते. आठवड्याला असा एक प्रिंट बारा रुपयांनी धरला, तर वर्षाच्या बावन्न प्रिंटांना ६२४ रुपये होतात आणि हातात २०८ फोटो येतात. एका फोटोला तीन रुपये.

आता तेच इन्स्टंट कॅमेऱ्याने करून पाहा. कॅमेरा साडेसहा ते आठ हजारांना, आणि दहा फोटोंची फिल्म पाचशे ते सहाशेला. म्हणजे एक फोटो पन्नास-साठ रुपयांना. २०८ फोटोंना साधारण साडेअकरा हजार, शिवाय कॅमेरा. डोळ्यांसमोर फोटो उमटतो यात आनंद आहे, हे मी मान्य करतो. लहान मुलांच्या वाढदिवसाला किंवा आजीच्या हातात लगेच फोटो द्यायचा असेल तेव्हा तो खर्च सत्कारणी लागतो. रोजच्या नोंदीसाठी तो परवडत नाही. फिल्मच्या रोलचेही तसेच. ३६ फोटोंचा रंगीत रोल हजाराच्या आसपास, धुऊन स्कॅन करायचे चारशे ते सातशे. एका फोटोला चाळीस रुपये झाले आणि तो अजून छापलेला नाही. घरी ठेवायचा छोटा फोटो प्रिंटर दहा हजारांच्या आसपास जातो आणि त्याच्या कागद-शाईचा खर्च एका प्रिंटला वीस रुपयांच्या वर पडतो. लॅब चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या डोंबिवलीकराला त्याची गरज नाही.

लॅबवाल्याला दोन गोष्टी विचारा. पहिली, प्रिंट रासायनिक प्रक्रियेच्या फोटो पेपरवर निघणार की इंकजेटवर? रासायनिक प्रक्रियेचा प्रिंट वहीत, अंधारात ठेवला तर कित्येक दशके टिकतो. कोपऱ्यावरच्या दुकानात साध्या इंकजेटवर काढलेला प्रिंट ओल्या बोटाने पुसला जाऊ शकतो आणि काही वर्षांत रंग सोडतो. दुसरी, कागद मॅट आहे का? चकचकीत कागदावर बोटांचे ठसे उमटतात, पेन चालत नाही. मॅटवर कडेला तारीख लिहिता येते. फोटोच्या मागे लिहायचे असेल तर मऊ पेन्सिल वापरा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

फोटो पाठवताना सगळे व्हॉट्सॲप वापरतात. तिथे फोटो नेहमीसारखा पाठवला तर तो आक्रसतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की मूळ फाइल जशीच्या तशी जाते. चार बाय सहाच्या चांगल्या प्रिंटला १८०० बाय १२०० बिंदू, म्हणजे जेमतेम दोन मेगापिक्सेल पुरतात. गेल्या दहा वर्षांतला कुठलाही बरा फोन हे देतो. पन्नास मेगापिक्सेलच्या जाहिरातीसाठी फोन बदलू नका. लेन्सवरचा बोटाचा तेलकट थर रुमालाने पुसलात तर तेवढ्याने फोटो जास्त सुधारतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

वहीत पावत्या, तिकिटे चिकटवणाऱ्यांना एक सूचना. एटीएमची पावती, मॉलचे बिल, पेट्रोल पंपाची चिठ्ठी हा सगळा थर्मल कागद असतो. वर्ष-दोन वर्षांत त्यावरची अक्षरे उडून कोरा पिवळा तुकडा उरतो. चिकटवण्याआधी दोन-तीन रुपये देऊन झेरॉक्स काढा आणि ती लावा.

तर पहिल्या वर्षाचा जमाखर्च असा: दोन वह्या ५००, दोन पेने २४०, रंग २००, ब्रश ६०, ग्लू स्टिक ८०, पेन्सिल-रबर ३०, प्रिंट ६२४. बेरीज १७३४. दुसऱ्या वर्षी रंग आणि ब्रश उरलेले असतात, त्यामुळे दीड हजारात भागते.

विषय फुकट आहे

ठाण्यात तीस वर्षे क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केलेले डॉ. सुधीर पटवर्धन आज देशातल्या मोठ्या चित्रकारांपैकी एक आहेत. इराणी हॉटेलात बसलेला माणूस, रेल्वेचा पूल, पोखरण, उल्हासनगर, लोअर परळ हे त्यांच्या चित्रांचे विषय. २०१९च्या अखेरीस मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले, तेव्हा अनेकांनी आपल्याच रोजच्या वाटेवरची माणसे तिथे भिंतीवर पाहिली. निसर्गरम्य गावी गेल्याशिवाय चित्र होत नाही, असे मानणाऱ्या प्रत्येकाने ही चित्रे पाहावीत. मध्यमवर्गीय घरांतल्या छोट्या गोष्टी कथांतून मांडणारे शं. ना. नवरे तर डोंबिवलीतच राहत.

डोंबिवलीत काय टिपायचे? सकाळी स्टेशनाबाहेर फुलांच्या पुड्या बांधणाऱ्या मावशी. पुलावरून उतरणारे पाय. पावसात मानपाडा रस्त्यावरच्या छत्र्या. संध्याकाळी भागशाळा मैदानाच्या कडेला बसलेले आजोबा. मोठागावची रेतीबंदर खाडी. वर्षातला सर्वांत मोठा दिवस गुढीपाडव्याचा: श्रीगणेश मंदिर संस्थानाने १९९९मध्ये नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली आणि नंतर ती प्रथा महाराष्ट्रभर पसरली. त्या दिवशी फडके रोडवर लेझीम, ढोल, नऊवारी आणि फेटे यांचे फोटो सगळेच काढतात. तुम्ही यात्रा सुरू होण्याआधीचा तास पकडा. रस्त्यावर रांगोळी घालणाऱ्या मुली, फेटा बांधून घेणारे बाबा, ढोलाची दोरी ताणणारा मुलगा. वहीला ते जास्त उपयोगी पडतात. दिवाळीच्या पहाटेला याच रस्त्यावर नवे कपडे घालून जमणारी तरुण गर्दी तर डोंबिवलीची स्वतःची गोष्ट आहे.

साध्या नोंदीला किती वजन येऊ शकते, याचे उदाहरणही इथलेच. फेब्रुवारी २०२०मध्ये एमआयडीसीतला एक रस्ता रसायनांनी गुलाबी झाला. रहिवाशांनी फोनवर काढलेले फोटो राज्यभर पोहोचले आणि प्रदूषणाचा प्रश्न ऐरणीवर आला. तारीख, वेळ आणि जागा लिहिलेला साधा फोटो हा पुरावा असतो. म्हणून वहीत प्रत्येक फोटोखाली या तिन्ही गोष्टी लिहायची सवय लावा.

माणसांचा फोटो काढताना विचारा. “काका, एक फोटो काढू का?” एवढे पुरते, आणि बहुतेक जण हसून होकार देतात. प्रिंट निघाला की त्यातला एक त्यांना नेऊन द्या. तीन रुपयांत ओळख पक्की होते. अनोळखी मुलांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय काढू नका. “नको” म्हटले तर फोन खाली करा आणि त्या माणसाऐवजी त्याची हातगाडी, तराजू, चपला यांचे चित्र वहीत काढा. चित्राची मोठी सोय हीच आहे की चेहरा न दाखवताही माणूस उभा राहतो.

रेल्वेच्या हद्दीत मोठा कॅमेरा, ट्रायपॉड किंवा व्यावसायिक चित्रीकरण असेल तर परवानगी लागते. फोटोसाठी रुळांवर उतरणे तर कधीच नको. रेल्वे कायद्याच्या कलम १४७नुसार विनापरवाना हद्दीत शिरण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. मध्य रेल्वेवर जिवाची काय किंमत मोजली जाते, हे डोंबिवलीकराला सांगायला नको.

कॅमेरा केव्हा घ्यावा

सहा महिने वही भरल्यावर. तोवर फोन कुठे अपुरा पडतो, हे तुम्हाला कळलेले असते. लांबचा पक्षी, अंधारातला रंगमंच, धावते मूल, यांपैकी एखाद्या कारणासाठी कॅमेरा हवा असेल तर खर्च योग्य आहे. “छंद आहे म्हणून कॅमेरा हवा” हे कारण पुरत नाही.

नवा, सुरुवातीच्या पातळीवरचा मिररलेस किंवा डीएसएलआर लेन्ससकट पंचेचाळीस ते सत्तर हजारांत येतो. त्यासोबत मेमरी कार्ड, बॅग, जादा बॅटरी यांचे पाच हजार धरावे लागतात, हे दुकानदार आधी सांगत नाही. वापरलेला डीएसएलआर पंधरा ते पंचवीस हजारांत मिळतो आणि वहीसाठी तो भरपूर झाला. त्यावर ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स, नवी आठ ते दहा हजारांत, लावली की घरातल्या ट्यूबलाइटखालीही स्वच्छ फोटो येतात. मुंबईत फोर्टमधला बोरा बाजार आणि मोदी स्ट्रीटचा परिसर हा कॅमेऱ्यांचा जुना बाजार. सीएसएमटीला उतरून चालत जाता येते.

जुना कॅमेरा घेताना मोबाइलचा टॉर्च लेन्समधून आरपार पाडा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी आहे, सौदा सोडा. शटर किती वेळा चालले आहे, तो आकडा विचारा. सुरुवातीच्या पातळीवरच्या कॅमेऱ्यात पन्नास हजारांच्या पुढे असेल तर किंमत पाडून मागा. बॅटरी फुगलेली नाही ना, कार्ड घालून वीस-तीस फोटो काढता येतात ना, हे तिथेच पाहा. मूळ बिल आणि त्यावरचा सिरीयल नंबर कॅमेऱ्याशी जुळवून घ्या, चोरीचा माल गळ्यात पडू नये. नव्या कॅमेऱ्यावर कुणी पाच-सहा हजार सूट देऊन “बिल नको, वॉरंटी दुकानाची” म्हणाला, तर तो अधिकृत आयातीचा माल नसण्याची शक्यता मोठी. कंपनीचे सेवा केंद्र अशा कॅमेऱ्याला वॉरंटी देत नाही. बिल असताना फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मोफत आहे.

एखाद्या दिवसापुरताच कॅमेरा हवा असेल तर भाड्याने घ्या. दिवसाला आठशे ते दीड हजार, वर ओळखपत्र आणि अनामत. घेताना आणि परत देताना लेन्सचा व्हिडिओ काढून ठेवा.

शिकण्याचे पैसे

अर्ध्या दिवसाची आर्ट जर्नलिंग कार्यशाळा पाचशे ते दीड हजारांत होते. पैसे भरण्याआधी विचारा, साहित्य त्यात धरले आहे का, आणि ते घरी न्यायला मिळते का? फोटोग्राफीचा शनिवार-रविवारचा वर्ग तीन ते आठ हजारांचा. माझा सल्ला, पहिल्या वर्षी दोन्ही टाळा. त्याऐवजी पुण्याचे जलरंगकार मिलिंद मुळीक यांचे एखादे पुस्तक घ्या. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली अशी पुस्तके दोन-अडीचशेच्या आसपास मिळतात, आणि एक पुस्तक वर्षभराचा गृहपाठ देते.

सोबत हवी असेल तर अर्बन स्केचर्सचा मुंबईचा गट आहे. २००७मध्ये सिएटलच्या गॅब्रिएल कॅम्पानारियो यांनी सुरू केलेल्या या चळवळीचा मुख्य नियम म्हणजे समोर दिसते ते, जागेवर बसून काढायचे. सामील व्हायला पैसे नसतात. ठाण्यात फोटो सर्कल सोसायटी ही हौशी छायाचित्रकारांची संस्था प्रदर्शने भरवते. आणि महिन्यातून एक शनिवार काळा घोड्याला द्या. लोकलचे दुसऱ्या वर्गाचे जाऊन-येऊन ३० रुपये, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे तिकीट २०, जवळच्या जहांगीर आर्ट गॅलरीत प्रवेश मोफत. रविवार मात्र नको, मेगाब्लॉकमध्ये अर्धा दिवस गाडीतच जातो.

पावसाळा आणि साठवण

जूनपासून वह्या आणि लेन्स दोन्ही ओल धरतात. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा तीनशे-चारशेला, त्यात सिलिका जेलची पाकिटे. दाण्यांचा रंग बदलला की ते तव्यावर मंद आचेवर वाळवून पुन्हा वापरता येतात. बुरशी आलेली लेन्स साफ करायला एक ते तीन हजार लागतात, त्यापुढे डब्याची किंमत काहीच नाही. वह्या भिंतीला टेकवून ठेवू नका, विशेषतः पश्चिमेच्या भिंतीला. ताज्या रंगाची पाने मिटताना मध्ये बटर पेपर घाला.

फोनमधले फोटो दोन ठिकाणी हवेत. गूगलची १५ जीबी मोफत जागा ईमेलसकट असते आणि त्यात सुमारे चार हजार फोटो मावतात. १०० जीबीला वर्षाचे १३०० रुपये. एक टेराबाइटची हार्ड डिस्क एकदाच साडेचार ते सहा हजारांत. मी डिस्क घेईन, कारण हप्ता थांबला म्हणून तिच्यातले फोटो अडत नाहीत. वहीची पाने मात्र फोनवरच्या मोफत स्कॅन ॲपने महिन्याच्या शेवटी टिपून ठेवा, दहा मिनिटांचे काम आहे.

इमारत पाडायच्या आधी

या खर्चातला सगळ्यात मोलाचा उपयोग शेवटी मुद्दाम ठेवला आहे. डोंबिवलीत रामनगर, टिळकनगर, विष्णुनगर, कुठेही पाहा, तीन-चार मजली जुन्या इमारती पुनर्विकासाला जात आहेत. ज्या जिन्यात एक पिढी वाढली, त्याचा एकही फोटो घरात नसतो. फोटो असतात ते लग्नाचे आणि सहलीचे.

सोसायटीचा करार होतो आणि घरे रिकामी करायची तारीख येते, त्याच्या मध्ये काही महिने असतात. त्या काळात इमारतीचे पुस्तक करता येते, प्रत्येक घरासाठी एक प्रत. काय घ्यायचे ते आधी लिहून काढा: दारावरची पाटी, पत्रपेट्या, जिन्याचा कठडा, खिडकीच्या जाळीची नक्षी, गच्चीवरची टाकी आणि वाळत घातलेले पापड, गणपती बसायची जागा, पार्किंगमध्ये मुलांनी खडूने काढलेले स्टंप. प्रत्येक घरातल्या माणसांचा एक फोटो त्यांच्याच दारात, दार उघडे ठेवून. ज्यांना हात चालवता येतो त्यांनी इमारतीचा नकाशा आणि दर्शनी भाग पेनाने काढावा; भिंतीआडच्या गोष्टी, कुणाच्या घरातून कुणाच्या घरात वाटी जायची, हे फक्त चित्रातच दाखवता येते.

खर्च असा. चोवीस-अठ्ठावीस पानांचे, आठ बाय आठ इंचांचे छापील फोटोबुक सहाशे ते पंधराशेला होते. वीस घरांची एकदम मागणी दिली तर बहुतेक छपाईवाले दर खाली आणतात. प्रत्येक घराला आठशे रुपये धरा. सोसायटीच्या ग्रुपवर आधी संमती मागा, ज्यांना फोटो नको त्यांच्या दाराची फक्त पाटी घ्या. सगळ्या प्रती छापायला देण्याआधी एक नमुना प्रत काढून घ्या. ती ज्येष्ठ रहिवाशांना दाखवून नावे, फ्लॅट क्रमांक आणि साल तपासून घ्या, कारण जुन्या भाडेकरूंची नावे त्यांनाच ठाऊक असतात. नमुना यायला आठवडा, दुरुस्तीला आठवडा आणि छपाईला दोन आठवडे लागतात, म्हणून फोटो घर सोडायच्या तारखेच्या निदान दोन महिने आधी काढून झालेले हवेत. सामानाची खोकी भरायला सुरुवात झाली की घर घरासारखे दिसत नाही.